मागं जायचं बटण

"नाव लिहायचं नाही," पिवळ्या चिठ्ठ्या वाटता वाटता लारासनं पुन्हा सांगितलं. "या प्रोग्रॅमचा रोज काय त्रास होतो, तेवढंच लिहा आणि भिंतीवर चिकटवा."

इबू तुतिकनी, म्हणजे तुतिकबाईंनी, आपली चिठ्ठी उलटून पाहिली. मग उजेडासमोर धरली.

शेजारच्या योयोकनं हळूच विचारलं, "दिसतोय का कुठं खुणेचा नंबर?"

सुराबायाच्या त्या कुरिअर कंपनीत पार्सलांच्या नोंदी करणाऱ्यांना संगणकावरचा प्रोग्रॅम नवा करून मिळणार होता. तो आखायला लारासला जाकार्ताहून बोलावलं होतं. मॅनेजर हेंड्रोसाहेब मागं उभे राहून केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेंपर वाटत होते. साहेब स्वतःच्या हातानं खाऊ वाटतात म्हणजे काहीतरी शिजतंय, हे न कळण्याइतकं दूधखुळं तिथं कोणी नव्हतं. भिंत भरली. 'सगळं छान आहे.' 'फार सोयीचं आहे.' 'कंपनीचे आभार.' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तेही सगळ्यांनी छापील अक्षरांत लिहिलं होतं.

लारासनं साहेबांना जरा बाहेर थांबायची विनंती केली. ते गेले, तर सगळे छताच्या कॅमेऱ्याकडे बघू लागले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

लारास वैतागली. सकाळीच तिनं इबू तुतिकना काम करताना पाहिलं होतं. एक आकडा चुकला की मागं जाता येत नव्हतं, सगळी नोंद पहिल्यापासून. इबू पडद्याला शिव्या घालत होत्या आणि अख्खी खोली हसत होती. एकानं तोंड उघडलं की बाकीचे बोलतील, असा भाबडा हिशेब तिनं केला. लोक कॉफीला उठले तेव्हा स्वतःच एक चिठ्ठी लिहून डकवली, तशाच छापील अक्षरांत: 'चूक झाली तर मागं जायचं बटणच नाही.'

साहेब परतले आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "वा. कोणीतरी खरं बोललं म्हणायचं. कोण हे?"

सगळ्यांच्या नजरा इबू तुतिककडे वळल्या. योयोकनं खुर्ची जराशी पलीकडे सरकवली.

"माझी नाही ती," इबू म्हणाल्या. त्यांच्या नोकरीचा करार सोमवारी वाढवून मिळायचा होता.

"अहो इबू, घाबरता कशाला? कौतुकच करतोय."

असेलही खरं. तिथं कुणाचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि माझाही बसत नाही.

लारास पुढं झाली. "ती मी लिहिलीय," ती म्हणाली. "खरंच, मीच."

साहेब मायेनं हसले. "बघा, म्बाक लारास किती सांभाळून घेतात तुम्हाला. सोमवारी बोलू आपण, इबू."

लारास पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ती जितकं सांगे, तितकी ती चिठ्ठी इबूंची होत गेली. साहेब केबिनमध्ये गेले. लोक माना खाली घालून कामाला लागले.

इबू तुतिक उठल्या. पानही न सोडलेला लेंपर त्यांनी लारासच्या हातात ठेवला.

"म्बाक, आता यात मागं जायचं बटण कुठं आहे, तेवढं दाखवा."