हाय का न्हाय

एकविसाव्या दिवशी केदार सुधारला.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. कारण त्या शुक्रवारी दुपारी साडेबारापर्यंत केदार भिवंडीच्या स्टँडवर पाऊण तास उभा होता आणि गणेशपुरीची गाडी आहे की नाही, हे त्याने कुणालाही विचारलं नव्हतं. विचारायचं तर खिडकीपर्यंत जावं लागतं. खिडकीत माणूस असतो. तो वैतागलेला असतो. कॉलेजच्या ऑफिसात आठ वर्षं कारकुनी केल्यामुळे केदारला हे पक्कं ठाऊक होतं. तिथे खिडकीच्या आत तोच बसायचा.

मोबाइलवरच्या 'एकवीस दिवसांत नवा मी' या कोर्सचा आज शेवटचा धडा. कोर्स घेणारे कुणाल सर हसत हसत म्हणाले होते, रजा टाका, एकट्याने प्रवासाला निघा, आणि वाटेत एका अनोळखी माणसाला 'हाय' म्हणा. 'हाय'चा धडा एकोणिसाव्या दिवशीही होता. तेव्हा केदारने निजामपुऱ्यात एका लूमवाल्या चाचांना 'हाय' म्हटलं होतं. चाचांनी त्याला धरून पायरीवर बसवलं, पाणी पाजलं आणि "कहाँ दर्द है, बेटा?" असं दोनदा विचारलं. आता बरं वाटतंय, असं खोटं सांगून सुटावं लागलं.

एक म्हातारी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एकच कागद, आणि तो ओल्या पापडासारखा दोन्ही हातांवर आडवा धरलेला. तिने सगळ्या स्टँडला मिळून विचारलं, "गनेशपुरीची गाडी हाय का न्हाय?"

नेमका तेव्हाच केदारचा धीर गोळा झाला. तिच्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "हाय."

"हाय ना?"

केदारला वाटलं, उलट हाय आला. एकवीस दिवसांत पहिल्यांदा. तो भरून येऊन म्हणाला, "हाय, हाय."

फाटकाशी गणेशपुरीच्या वाटेवरच्या अंबाडीची जीप भरत होती. जीपवाला म्हणाला, "आजी, एकच सीट ऱ्हायलीय. चला."

"जा तू. जीपमदी दाखला चुरगलतो. गाडी हाय. ह्यो चष्मेवाला किती येला बोलला."

चष्मेवाला बोलला म्हटल्यावर जीपमधले आणखी दोघं खाली उतरले. आपण काय बोललो हे केदारला तेव्हा कळलं. एक वाक्य बोललं असतं तरी भागलं असतं. पण कोर्समध्ये 'हाय'च्या पुढचं वाक्य नव्हतं. ते पुढच्या कोर्समध्ये होतं. जीप गेली.

म्हातारी भागी, दिघाशी गावची. न विचारता तिने सगळं सांगितलं. "नातीचा जातीचा दाखला हाय, रोशनीचा. सकालपासना कचेरीत बसले तवा मिलाला. आश्रमशालेत नाव घालायचा आजचा शेवटचा दिस. दोन वाजता मास्तर कुलूप लावतो. न्हायतर पोरगी वरीसभर माझ्यासंगट वीटभट्टीवर."

केदार खिडकीपाशी गेला. आत कंट्रोलर बाळाराम डबा उघडत होते.

"गणेशपुरीची..."

"मागच्या महिन्यापासून बंद. बोर्डावर लिहिलंय."

"बोर्ड कुठाय?"

"पाऊण तास तुम्ही पाठ टेकून उभे होतात ना, तो."

केदार परत आला.

"मावशी, गाडी न्हाय."

"आत्ता तर हाय बोललास."

"ते हाय वेगळं होतं."

भागीने त्याला चपलांपासून चष्म्यापर्यंत पाहून घेतलं. "हाय वेगलं कसं असल? हाय म्हंजे हाय. शिकलास कशाला मंग?"

केदार रस्त्यावर उतरला आणि समोरून येणाऱ्या ताग्यांच्या टेम्पोपुढे हात पसरून उभा राहिला. सगळा स्टँड वळून बघेल एवढ्या आवाजात म्हणाला, "रुको भाई. गणेशपुरी की तरफ ले चलो. बच्ची का दाखला है."

"अंबाडी तक जाऊँगा. माल पे बैठना पडेगा," ड्रायव्हर म्हणाला.

बसले. कापडाच्या ताग्यांवर भागी, भागीच्या मांडीवर दाखला, आणि दाखल्यावर सावली पडावी म्हणून केदार. टेम्पो तीनशे मीटर पळाला आणि नाक्यावर कंटेनरांच्या मागे थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग चप्पल काढून पाय वर घेतले, तेव्हा केदारने मोबाइल पाहिला. एक वाजून दहा. मग एक पंचवीस. कंटेनर आपले जागच्या जागी.

"लिव आता," भागी म्हणाली.

"काय?"

"अर्ज. मास्तरला. तुमी लोक अर्जाबिगर आयकत न्हाय ना कुनाचं? मंग लिव."

आठ वर्षांत केदारने किती अर्ज 'मुदत संपली' असा शिक्का मारून परत केले होते, याचा त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. त्याने ताग्यावरचा खाकी कागद फाडला आणि गुडघ्यावर ठेवला. पुढे कुणीतरी उगाचच हॉर्न वाजवत होतं. अक्षर मात्र त्याने ऑफिसातलं लावलं.

'प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : दोन वाजण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सदर विलंबास श्रीमती भागी या जबाबदार नसून खाली सही करणार जबाबदार आहे. दाखला सुस्थितीत आहे. तरी आजचे दोन वाजणे, आम्ही पोहोचेपर्यंत, तहकूब ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'