दुपारी दोन ते चार

“गॅलरी, दुपारी अडीच, वेग शून्य पूर्णांक दोन,” असं मोठ्याने म्हणत ह्यांनी वहीत नोंद केली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं पाऊस मोजलेला माणूस! मोजमाप हाती आल्याशिवाय तक्रार करायची नाही, हा ह्यांचा बाणा. आठ दिवस फोन उंच धरून घरभर फिरले. तापमान लिहिलं, वाऱ्याची दिशा लिहिली, शेजारणीचा मिक्सर कधी फिरतो तेही लिहिलं.

नवव्या दिवशी स्पीकर लावून कस्टमर केअरच्या मुलीला अख्खी वही वाचून दाखवली. निष्कर्ष एकच: वायफाय रोज दुपारी दोन ते चार मान टाकतं.

“काका, राउटर कुठे ठेवलाय?”

“स्वयंपाकघरात, मांडणीवर. भांड्यांच्या रांगेत.”

“दुपारी त्याच्यावर कोणी काही ठेवतं का?”

ठेवणारी मीच. दोन वाजले की नागपूरचे भाऊजी व्हिडिओ कॉल करतात आणि दोघे भाऊ राजकारणावरून असे ओरडतात, की माझ्या झोपेचं खोबरं होतं. म्हणून मी राउटरवर स्टीलचं मोठं पातेलं पालथं घालते.

हे दुसरी वही आणायला आत गेले. मी झटकन स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि सगळं सांगून टाकलं. “ह्यांना बोलू नकोस गं, पोरी.”

ती हळूच म्हणाली, “काकू, पातेल्यातून शून्य पूर्णांक दोन निसटतंय. माझी आई लोखंडी कढई घालते.”