ढोलीतली पिल्लं

बागेतला वठलेला शिरीष मुलांच्या अंगावर कोसळेल, या धास्तीने कुमुदिनी आपटे महिनाभर पालिकेत खेटे घालत होत्या. अखेर पालिकेचा धोंडिबा करवत घेऊन आला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

वाळक्या फांद्या उतरवल्यावर तो शिडीवरच थांबला. "बाई, ढोलीत तांबटाची पिल्लं आहेत. खोड मजबूत आहे, इतक्यात पडायचं नाही. पण साहेबांनी बुंध्यापासून कापायला सांगितलंय."

तेवढ्यात चोचीत फळ धरून तांबट आला. माणसं पाहून बिचकला, तरी ढोलीपाशी चिकटलाच.

कुमुदिनीबाई बराच वेळ वर पाहत राहिल्या. "राहू दे उभं. साहेबांशी मी बोलते."

धोंडिबा उतरला. "बघायचीत पिल्लं?"

त्याने शिडी घट्ट धरली. अडुसष्ट वर्षांच्या कुमुदिनीबाईंनी चपला काढल्या आणि पदर खोचला.