कोपऱ्यातली गाडी

माँट्रियलचा व्हिसा लागला त्या दिवसापासून बाबांनी गस्सानशी बोलणं टाकलं होतं. विमानाला तीन दिवस उरले, तेव्हा तो त्यांना जवळजवळ ओढतच बैरुतमधल्या हुदाच्या दुकानात घेऊन आला. रिमोटवरच्या रेसिंग गाड्यांचं बाबांना भारी वेड. आपण गेल्यावर त्यांचे रविवार रिकामे जाऊ नयेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

"ही घ्या बाबा," एक महागडी गाडी पुढे करत गस्सान म्हणाला. "सगळं वरच्या दर्जाचं आहे. खोक्यातून काढायची आणि ट्रॅकवर सोडायची."

बाबांनी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातली एक साधी गाडी उचलून त्यांनी तिचं चाक फिरवलं. ते खरखरलं.

"काका, ती नका घेऊ," हुदा म्हणाली. "सांगाडा चांगलाय तिचा, पण बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर, मोटर, सगळंच बदलावं लागेल."

"भाग मिळतात इथे?"

"छे! बाहेरून कुणी आणून दिले तरच."

"मग हीच दे."

गस्सानचा तोल सुटला. "मला छळायचंच ठरवलंय का तुम्ही? निदान मी जाताना तरी नीट वागा ना!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बाबांनी गाडी छातीशी धरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मुलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"पोस्टानं पाठवायचे नाहीत," ते म्हणाले. "आणि एका खेपेला एकच भाग आणायचा."