वीतभर ओहोटी

चाच्यांचं बुडालेलं जहाज काचेच्या तळाच्या होडीतून बघायला कॅरिबियनमधल्या त्या गावाच्या धक्क्यावर रांग लागली होती. हर्णैच्या यमुनाबाईंनी सवयीने विचारलं, "ओहोटी कधी लागते हो इथे?" इंजिनिअर मुलाने गाइडला विचारून सांगितलं, "आई, इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर असते."

"समुद्र आहे की हौद?" यमुनाबाई हसल्या.

होडी सुटायच्या आतच पाणी मागे सरायला लागलं. बघता बघता तळ उघडा पडला आणि जहाजाची काळी डोलकाठी उन्हात आली. यमुनाबाईंना हुरूप आला. जन्मभर त्यांनी ओहोटीलाच शिंपल्या वेचल्या होत्या.

"वीतभर म्हणे! जा, पळ, तिसऱ्या मिळतात का बघ!" त्यांनीच मुलाला पुढे ढकललं.

तो थेट जहाजापाशी पोचला. "आई, केवढाल्या आहेत गं!"

गाइड मात्र हातातली तिकिटं टाकून चढाकडे पळत सुटला होता.

यमुनाबाईंनी समोर पाहिलं. मुलाच्या पाठीमागे, पार क्षितिजावर, एक पांढरी रेघ उंच होत होती. त्या दोन्ही हात हलवून ओरडल्या.

आई अजून वेचायला सांगतेय असं वाटून तो हसला आणि पुन्हा खाली वाकला.