एकाचीही तक्रार नाही

“काका, आधी ब्रेकवरचा पाय उचला,” शेजारच्या सीटवरून मॅडम म्हणाल्या. “तो तिथंच राहिला तर गाडी पळणार कशी?”

काकांनी पाय उचलला. गाडी खडीवरून चार हात गेली आणि पाय मुकाट्याने परत ब्रेकवर येऊन बसला. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा पाय तो. एका सकाळीत थोडाच ऐकणार!

रॅलीची गाडी चालवायला शिकवणारी ही शाळा शहराबाहेर, बंद पडलेल्या खाणीच्या आवारात होती. कच्चा रस्ता, सुटी खडी, एकामागून एक वळणं. इथं यायची ती तरणी, हौशी मंडळी. काकांना हौस नव्हती, गरज होती. ते इस्पितळाचे ड्रायव्हर. इस्पितळाने नवीकोरी रुग्णवाहिका घेतली होती आणि ती मला द्या म्हणून काका स्वतः गॅरेजच्या मुकादमाकडे गेले होते. मुकादमाने डोकं खाजवलं. मग म्हणाला, त्या शाळेत एक दिवस काढा, तिथल्या मॅडमनी हो म्हटलं तर उद्यापासून गाडी तुमची. नाहीतर आहे तीच गाडी रिटायर होईपर्यंत.

मुकादमाचंही चुकत नव्हतं. गॅरेजमध्ये काकांचं नावच ‘सावकाश’ पडलं होतं. सावकाशने गाडी काढली की कासवसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जातं, असं पोरं म्हणायची. काकाही हसायचे. घरी बायकोने विचारलं होतं, या वयात कशाला नसती उठाठेव? त्यावर ते एवढंच म्हणाले, “एकदा तरी वेळेवर पोचायचंय मला.”  तिने डबा जरा जास्तच भरून दिला.

पहिली फेरी म्हणजे फजितीच होती. खड्डा दिसला की काका वेग इतका कमी करायचे, जणू त्याची परवानगी काढत होते. वळणावर स्टिअरिंग असं अलगद फिरवायचे की मागे कुणी झोपलेलं असतं तर कूससुद्धा बदलली नसती. मॅडमनी हेल्मेटच्या आत उसासा टाकला. पुन्हा पुन्हा सांगितलं, खडीवर गाडी घसरणारच, तिला घसरू द्या, घाबरू नका, जिकडे जायचंय तिकडे बघा. काका मान हलवायचे आणि पुन्हा आपलं तेच. हात मऊ, पाय जड.

फेरी संपल्यावर मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली. पोरगी मुलीच्या वयाची, पण नजर धारदार.

“किती वर्षं चालवताय इस्पितळाची गाडी?”

“हयात गेली त्यात.”

“आणि या वेगाने?”

“एकाचीही तक्रार नाही आजवर,” काका म्हणाले.

मॅडमना हसू आलं, पण लगेच ओसरलं. मनात होतं ते त्यांनी विचारूनच टाकलं. “खरं सांगा काका, उशीर झाला म्हणून तुमच्या गाडीत कुणी दगावलंय?”

काका काचेबाहेर बघत राहिले. “माझ्या गाडीत? नाही. एकही नाही.”

मॅडमना कमाल वाटली. नशीबवान माणूस, असं त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या फेरीला मॅडमनी वेगळी शक्कल काढली. त्यांनी सीटवर मान टाकली, पोट धरलं आणि खोटंच कण्हायला लागल्या. “काका, लवकर, सहन होत नाही.”

गाडी करकचून थांबली. दोघंही पट्ट्यात आवळले गेले. काकांच्या कपाळावर घाम फुटला होता. मॅडम ओशाळल्या. म्हणाल्या, चुकलं माझं, पण तुम्ही तर रोजच ऐकत असाल हे. काकांनी रुमालाने तोंड पुसलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “पुन्हा कण्हा. थांबू नका.”

या खेपेला पाय ब्रेकवर आलाच नाही. पहिल्या वळणात मागची चाकं सुटली, काकांनी त्यांना सुटू दिलं आणि नजर पुढच्या रस्त्यावर खिळवली. धुळीचा लोट उठला. खड्डे आले नि गेले. मॅडम कण्हायचं विसरल्या, तेव्हा काका ओरडले, “बोलत राहा, बोलत राहा.” शेवटच्या वळणापर्यंत त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, पण गाडी रस्त्यावर होती. मॅडमनी उतरल्या उतरल्या मुकादमाला फोन लावला.

संध्याकाळी काका इस्पितळात आले. पुढच्या दारात नवी रुग्णवाहिका उभी होती. तिच्याकडे न बघता ते आधी मागच्या अंगणात गेले. जुनी गाडी नेहमीच्या जागी होती. त्यांनी तिच्या काचा फडक्याने पुसल्या, सवयीने मागचं दार एकदा उघडून लावलं आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली ठेवली. त्याने विचारलं, काही सांगून ठेवायचंय का?

“हळू ने,” शवागाराच्या दाराकडे बघत काका म्हणाले. “हिच्यातल्या माणसाला उशीर होत नसतो.”