उसनी पोरं

अर्नाळ्याच्या वाटेवर सातवीपर्यंतच्या दोन सरकारी शाळा. शिक्षणखात्याचे साहेब सोमवारी रीमाबाईंच्या आणि मंगळवारी शकूबाईंच्या शाळेतली पोरं मोजून तुलना करणार आणि जिथे कमी, तिथे टाळं ठोकणार. मग दोन्ही शाळांच्या बाईंनी गुपचूप शक्कल काढली. सोमवारी शकूबाईंची पोरं रीमाबाईंच्या वर्गांत बसवायची, मंगळवारी रीमाबाईंची शकूबाईंकडे. पट सारखा भरला की साहेब गप्प.

सोमवार छान पार पडला. मंगळवारी साहेबांची गाडी वळणावर आली, तरी शकूबाईंचे वर्ग रिकामेच. त्यांनी फोन लावला.

"रीमा, तुझी राहू दे गं, निदान माझी पोरं तरी पाठव."



"शकूताई, गेटबाहेर काढली तरी कंपाउंडवरून परत येतायत. काल आमच्या मावशींनी खिचडीसोबत जवळ्याची चटणी वाढली ना!"